मथुराची उजळणी

"फ्रुसेमाइडनं शरीरातलं काय घटतं?" पिराजीनं विचारलं.

भाकरी थापता थापता मथुरा म्हणाली, "कॅल्शियम."

"पोटॅशियम! कालबी हेच चुकलीस. पोटॅशियम घटलं की डिजॉक्सिनचं विष चढतं. पेशंट मारतीस का?"

"लई वरडू नका. परत इचारा."

मथुरा एप्रिलच्या नर्सिंग परीक्षेला बसली होती. निकाल एकटीच बघून आली आणि म्हणाली, "औषधशास्त्रात गेले. माझंबी तुमच्यासारखंच झालं." पिराजीनंही तीन वर्षांचं ट्रेनिंग पुरं केलं होतं आणि याच विषयात तो दोनदा आपटला होता. पेपर हातात आला की त्याला येत असलेलंही आठवायचं नाही. पुन्हा परीक्षेचं नाव काढायचं नाही, असं घरात बजावून तो दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला.

माकणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी नर्सिंगची एक जागा ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत थांबवून धरली होती. ती हातची गेली, तर पुढचं वर्षही खडीवरच.

मथुरा औषधांचे गट काही केल्या बरोबर सांगत नव्हती. दिवसभर घण मारताना पिराजी तिच्यासाठी खुणा शोधायचा.

"ॲट्रोपीन म्हंजी आमच्या कामावरची मे महिन्यातली दुपार," एकदा तो खुशीत म्हणाला. "तोंड कोरडं, घाम बंद, अंग तापलेलं, काळीज धडधड."

"आन् डोळ्याच्या बाहुल्या?"

"मोठ्या! मुकादम दिसल्यावर व्हत्यात तशा."

मथुरा खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी तेवढंच बरोबर सांगितलं आणि मॉर्फीनला चुकली.

कामावर तो गट पुटपुटायला लागला की शेजारी खडी फोडणारा बलभीम ओरडायचा, "नर्सबाई, घण जपून! बोट फुटलं तर पट्टी कोण बांधंल?" पिराजी आता चिडत नसे. पुटपुटतच राही.

फॉर्म भरायचा दिवस आला. "नवऱ्याची सही लागती," म्हणून मथुरानं बोट ठेवलं, तिथं त्यानं न वाचता सही केली.

ऑक्टोबरात दोघं एस.टी.नं औरंगाबादला गेली. परीक्षेच्या हॉलच्या दारात कारकून टेबल मांडून बसला होता. मथुरानं त्याच्यापुढं हॉलतिकीट ठेवलं.

"घाई करू नको," पिराजी हळूच म्हणाला. "आधी गट आठव, मग औषध. म्या त्या लिंबाखाली बसतो." आणि वळला.

"ओ भाऊ, निघालात कुठं?" कारकुनानं हाक मारली. "पिराजी ओव्हाळ तुम्हीच ना? इथं सही करा."

"परीक्षा हिची हाय, साहेब."

कारकुनानं तिकीट पुन्हा पाहिलं. मग मथुराकडं पाहिलं.

मथुरानं पदरानं कपाळ टिपलं आणि आपलं पेन पिराजीच्या हातात दिलं.

"म्या एप्रिललाच पास झाले," ती म्हणाली. "आत जावा, घंटा व्हायला आलीया."