फौजदारबाई भिंत रंगवतात

सिनेमा अर्ध्यावर आला आणि खुनाचा तपास टाकून फौजदारबाई बहिणीच्या घरी भिंत रंगवायला गेल्या. आता रंगाच्या डब्यात काहीतरी सापडणार, असं धरून म्हातारा तोरगाइर खुर्चीत पुढे सरकला. पंधरा मिनिटं झाली. बाई रंगवतच होत्या.

ईस्टरला डोंगरातल्या लाकडी घरी जमायचं आणि खुनाचा सिनेमा बघायचा, हा सगळ्या नॉर्वेचाच नाद. या घरात त्यावर आणखी एक शिरस्ता होता. सिनेमा मधेच थांबवून प्रत्येकाने खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि वाडग्यात टाकायचं. तोरगाइरची चिठ्ठी आजवर कधी चुकली नव्हती, आणि त्यावरून तो वर्षभर सगळ्यांचं डोकं खायचा. या खेपेला त्याने ती कोरीच टाकली.

संशयित तसे भरपूर होते. एक मच्छीमार, त्याची बायको, एक दारुडा पाद्री. पण धक्क्यावर सापडलेल्या त्या प्रेताचं कुणी नावसुद्धा काढेना. एखादा प्रसंग आपण विसरलो, की मधेच डोळा लागला? तो मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून सिनेमा लावून बघत होता, आणि त्याला भीती वाटत होती. सुट्टी संपली की मंगळवारी डॉक्टरीणबाई त्याच्या स्मरणशक्तीची तपासणी करणार होत्या. त्यात काही निघालं, तर गाडीचा परवाना जाणार आणि शेतावरच्या घरात एकट्याने राहणंही. हे त्याने फक्त मुलीला, तुरीदला, सांगितलं होतं.

शेवटी भिंत निळी झाली. बाईंनी ब्रश धुतला आणि सिनेमा संपला.

जावई योस्टाइनने पेपरातलं परीक्षण आधीच वाचून ठेवलं होतं. रहस्यपटाचे सगळे नियम दिग्दर्शकाने कसे डोक्यावर उभे केलेत, हे तो संत्रं सोलत सांगू लागला. त्याचं सांगणं सिनेमापेक्षा अवघड होतं.

"उत्तर तर समोरच आहे," तो म्हणाला. "बघणाऱ्याला दिसतं."

तुरीदने मान डोलावली. म्हणजे कळलं नाही ते फक्त आपल्यालाच, असं तोरगाइरने धरलं.

ती कप विसळायला स्वयंपाकघरात गेली, तेव्हा तो फडकं घेऊन तिच्यामागे गेला. दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं,

"मारलं कुणी गं त्याला?"

"मला कुठे कळलंय, बाबा."

"आत्ता तर मान डोलावत होतीस."

"नवऱ्यासमोर बावळट दिसायला नको म्हणून. शपथ घेऊन सांगते, मला ओ की ठो कळलं नाही. त्यालाही कळलं नसणार. तुमचं काही चुकलेलं नाहीये."

तोरगाइरने कप पुसून फळीवर ठेवला. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आईवर गेलीस," तो म्हणाला. "तिलाही कधी धड खोटं बोलता आलं नाही."