पांढरा डाग

“ढग? कसले ढग, ताई? इथे उन्हाने टाळकं तापलंय माझं!”

धाकटा भाऊ फोनवर होता. खाडीच्या तोंडाशी, होडीतून ओरडत होता. तिथे त्याचे मासे पाळायचे पिंजरे होते. सकाळपासून पिंजऱ्यांतले मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते.

हवामान कार्यालयात ताईसमोर पडद्यावर समुद्राचा नकाशा होता, उपग्रहाच्या आकड्यांवरून सकाळीच तयार झालेला. थंड पाणी निळं, कोमट पिवळं, तापलेलं लाल. भावाच्या पिंजऱ्यांवर मात्र पांढरा डाग. पांढरं म्हणजे ढग. मध्ये ढग आला, पाणी दिसलं नाही.

“नीट वर बघ.”

“बघितलं. आभाळ धुऊनपुसून ठेवल्यासारखं आहे. तुझ्या उपग्रहाला आता चष्मा लाव.”

“थर्मामीटर सोड पाण्यात.”

डुबुक. मग बराच वेळ नुसता वारा.

“पारा एकतीसला टेकलाय गं. एरवी या दिवसांत सव्वीस असतो. पिंजरे ओढून खोल पाण्यात न्यायचे तर पंधरा होड्या लागतील. तुमचा इशारा आल्याशिवाय बंदरात कुणी दोर सोडत नाही. मला वेड्यात काढतायत सगळे.”

तिने उपग्रहाचे मूळ आकडे उघडले. त्याने पाणी पाहिलं होतं. एकतीस पॉइंट दोन असा स्वच्छ आकडाही पाठवला होता. मग मध्येच पुसला कुणी?

नियमाने. नेहमीच्या सरासरीपेक्षा चार अंशांहून जास्त आकडा आला, तर ती यंत्राची चूक समजावी आणि जागा कोरी सोडावी. संगणक वीस वर्षं इमानेइतबारे तेच करत होता. ढगाची जागा पांढरी, कोरी जागाही पांढरी. फरक कोण बघतो?

इशारा चार वाजता जायचा. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने दुरुस्तीचा अर्ज ओढला.

*काय बदलायचे:* चार अंशांचा नियम. रद्द.

*कारण:* समुद्र खरोखरच तापला आहे.

खाली तिची नेहमीची सही, शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट असलेली. अर्ज घेऊन ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. साहेब तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. उपग्रहाचे आकडे वाचायला तिनेच शिकवलेला. चारचौघांत साहेब, दार लागलं की अरे-तुरे.

साहेबांनी अर्ज वाचला. उठून दार लावलं. कपाटातून जुनी फाईल काढून नियमाचं मूळ पत्रक उघडलं, आणि त्याच्या तळाशी तळहात दाबून बसले.

“बाई, नियम काढला तर मागची वीस वर्षं उघडी पडतील.”

“पडू देत.”

“समुद्र जेव्हा जेव्हा सगळ्यात जास्त तापला, तेव्हा तेव्हा आपण तिथे ढग दाखवला. हे जगाला सांगायचं?”

“आपणच सांगायचं. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी.”

“आजच्यापुरतं तेवढं हाताने लाल भरू.”

“आणि उद्या दुसऱ्या बंदरावर पांढरं सोडू?”

साहेबांनी घाम पुसला, डाव्या हाताने. उजवा पत्रकावरून हलला नाही.

“तीन महिने थांबा. मग मी स्वतः बदलतो. गाजावाजा न करता.”

“मासे थांबतायत का, विचारून बघ.”

तीन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. निरोप समारंभाच्या पत्रिकेचा नमुना टेबलावरच पडला होता. वर सोनेरी अक्षरं: *अचूकतेची तीस वर्षे*. तिने पत्रिका उचलली, पालथी घातली आणि त्यावर पेन ठेवलं.

“सही कर. नाहीतर मी बाहेर जाऊन खोलीभर ओरडून सांगते. माझा आवाज तुला माहीत आहे.”

साहेबांनी सही केली. डाव्या हाताने, वेडीवाकडी.

साडेतीनला नियम गेला. पडद्यावरचा पांढरा डाग कडेपासून पिवळा झाला आणि मधोमध भडक लाल. ठीक चारला इशारा गेला. पावणेपाचला फोन वाजला.

“ताई! पहिला पिंजरा खोल पाण्याकडे निघाला! सोळा होड्या आल्यात, एक जास्तच!”

ती परत केबिनमध्ये आली. तिला बघताच साहेबांनी पत्रकाच्या तळाशी पुन्हा तळहात दाबला. अर्ज अजून टेबलावर होता. शेवटचा एक रकाना रिकामा होता.

*चूक कोणाची:*

“तो कुणीच भरत नाही,” साहेब घाईने म्हणाले. “कोरा सोडा.”

“कोरं सोडायची खोडच लागलीय आपल्याला. हात काढ.”

“बाई, राहू द्या. इशारा गेला ना?”

“हात काढ म्हणते ना!”

साहेबांनी तळहात उचलला. पत्रकाच्या तळाशी, नियम करणाऱ्याच्या जागी, वीस वर्षांपूर्वीची फिकट झालेली सही होती. ताईने अर्ज पुढे ओढला आणि रिकाम्या रकान्यात तीच सही पुन्हा केली, लांबलचक शेपटासकट.