मनातली नायिका

चारुशीला आणि तिचा नवरा विश्राम शांघायच्या बेकरीतली एकच चिनी प्रेमकथा बघायचे, पण आपापल्या फोनवर, कानात इअरफोन घालून. आताच्या मालिकांत गोष्ट सगळ्यांना सारखीच असायची. नायक-नायिकेचा चेहरा आणि आवाज मात्र बघणाऱ्याच्या मनातला यायचा.

आठवडाभर विश्राम जेवताना गालातल्या गालात हसत होता. ती जवळ आली की फोन वळवायचा. त्याच्या फोनवरची नायिका म्हणजे ऑफिसातली शलाकाच असणार, याबद्दल चारुशीलाला शंकाच उरली नाही.

तो हात धुवायला उठला, तसा तिने त्याचा फोन उचलला. चिनी बेकरीतली नायिका अंबाड्यात पेन्सिल खोचून तीच पेन्सिल दुकानभर शोधत होती. हनुवटीवर ओळखीचा वण होता. ती चारुशीलाच होती, वीस वर्षांपूर्वीची.

"बघितलंस शेवटी!" मागून विश्राम लाजत म्हणाला. "आता तुझा नायक दाखव."

तिने घाईघाईने आपला फोन पालथा घातला. "माझी बॅटरी संपलीये."

त्या गडबडीत इअरफोनची वायर निघाली. पालथ्या फोनमधून नायक चिनी भाषेत काहीतरी लाडिक बोलायला लागला. आवाज वरच्या मजल्यावरच्या सबनीस वकिलांचा होता.