खोक्यातला आवाज

टेबलावर एक कॉम्प्युटर, एक राउटर, दोन केबल आणि एक काळं खोकं. खोक्यावर चार दिवे, चारही हिरवे. तरीही पडद्यावर तीच ओळ पुन्हा आली: खोक्यापर्यंत पोचता येत नाही.

"दिवे तर सगळे लागलेत," दादा म्हणाला.

"दिवे लागले म्हणजे वीज आहे. त्यातून एवढंच कळतं." चिंगीने पडद्यावरून मान वर केली नाही.

बाबा पलंगावर उशांना टेकून बसले होते. गळ्याला पांढरी पट्टी. स्वरयंत्र काढल्यापासून ते मोबाईलवर लिहायचे आणि दादा वाचून दाखवायचा.

"'घाई नाही' म्हणतायत."

घाई होती, आणि ते तिघांनाही माहीत होतं. ऑपरेशनच्या आधी बाबा महिनाभर रोज सकाळी माइकसमोर बसून वाक्यं वाचत होते. त्या रेकॉर्डिंगवरून एक प्रयोगशाळा त्यांचा आवाज तयार करणार होती. बाबा टाइप करणार आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलणार. फाइली आज पोचायला हव्या होत्या. नाहीतर प्रयोगशाळेकडचा एखादा तयार आवाज घ्यायचा. त्यातला एक ऐकून बाबांनी लिहिलं होतं: हा माणूस मला विमा विकायला आलाय.

"पण चिंगे, चालणाऱ्या कॉम्प्युटरला तू हात लावलास कशाला?"

"चालत कुठे होता? सारखा अडकायचा. म्हणून रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्क पूर्ण पुसली आणि कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स नव्याने टाकलं. फाइली पाठवताना मध्येच दगा नको."

"पुसली?" दादाचा आवाज चढला.

"अरे, फाइली खोक्यात आहेत! खोकं त्यासाठीच तर घेतलं. आत दोन डिस्क आहेत, एकीची नक्कल दुसरीवर. एक मेली तरी दुसरी राहते."

"बाबा तर याच कॉम्प्युटरवर सेव्ह करायचे."

"कॉम्प्युटरवर एक फोल्डर होता. खोकं जोडलेलं असलं की त्यात टाकलेलं सगळं खोक्यात जातं."

"आणि जोडलेलं नसलं की?"

"मग तो साधा फोल्डर. टाकलेलं इथल्याच डिस्कवर राहतं. पण मी रोज त्यातली फाइल उघडून ऐकायचे. सगळं जागच्या जागी असायचं. आता मध्ये बोलू नकोस."

दादाने तोंडावर बोट ठेवलं. बाबांनी त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या. बोलता येत नसताना चिडवायची त्यांनी ही नवी पद्धत काढली होती.

तिने खोकं बंद करून पुन्हा चालू केलं. ते जुन्या मिक्सरसारखं घरघरत जागं झालं आणि घरघरतच राहिलं. बाबांनी लिहिलं. दादाने वाचलं, "'आजच का कुरकुरतंय? माझ्या रेकॉर्डिंगच्या वेळी बिचारं एकदम चिडीचूप असायचं.'"

"तुमचा दरारा, बाबा," ती म्हणाली आणि केबल बदलली. काही फरक पडला नाही. पासवर्ड पुन्हा टाकला. नाही. लिनक्सचा जो भाग अशा खोक्यांशी बोलतो तो काढून पुन्हा बसवला. नाही. तिने तळहात कुर्त्याला पुसले.

"खोक्याच्या जोडणीची फाइल मी पुसण्याआधी बाजूला काढली होती," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तीच जशीच्या तशी परत टाकलीय. म्हणजे बदललंय फक्त लिनक्स. म्हणजे दोष लिनक्समध्येच असणार."

"आणि नसला तर?"

मग तिने राउटरला जोडलेल्या सगळ्या वस्तू पडद्यावर आणल्या. दादाचा मोबाईल, बाबांचा मोबाईल, टीव्ही, प्रिंटर. शेवटी खोकं. तिने त्याच्यापुढचा आकडा वाचला. जोडणीच्या फाइलमधला वाचला. दोन्ही पुन्हा एकदा वाचले.

"खोक्याचा पत्ता वेगळा आहे. आपण भलत्याच पत्त्यावर शोधतोय."

"खोक्याला पाय फुटले?"

"हे पत्ते राउटर वाटतो. राउटर नवा आला की पत्ते नवे." तिने खुर्ची वळवली. "जुना राउटर जळला ना आपला, तो कधी बदलला?"

दादाला आठवेना. बाबा लिहू लागले. या वेळी त्यांनी मोबाईल थेट तिच्यासमोर धरला.

रेकॉर्डिंग सुरू करायच्या आदल्या दिवशी.

ती वाचत राहिली. बाबांचा हात अवघडला, तसा त्यांनी मोबाईल खाली घेतला.

"मग महिनाभर चाललं कसं ते?" दादाने विचारलं.

तिने कीबोर्डकडे वळून नवा पत्ता टाइप केला. चुकला. खोडला. पुन्हा टाइप केला आणि एंटर दाबलं.

ती ओळ आली नाही. फोल्डरच्या नावापुढे खोक्याचं छोटं चित्र उमटलं.

"जोडलं गेलं!" दादाने टेबलावर थाप मारली. "बघा बाबा, तुमची शास्त्रज्ञ! उगाच घाबरवलं सगळ्यांना." तो प्रयोगशाळेला फोन लावूनही मोकळा झाला. "हो हो, सापडल्या. लगेच पाठवतो. काय? एक मिनिट हं." त्याने फोनवर हात ठेवला. "चिंगे, एकूण फाइली किती आहेत विचारतायत."

बाबा उशीवरून पुढे सरकले.

तिने फाइली मोजायची आज्ञा लिहिली. ती सगळे आतले फोल्डर धुंडाळते, लपवलेल्या फाइलीही धरते आणि एकच आकडा देते. तिने एंटर दाबलं.

0