सुभद्राकाकूंचं अक्षर

"रायटरले कांजण्या निघाल्या," काउंटरवर हात टेकत रागिणी म्हणाली. "परवा पेपर आहे, काकू. वर्षभर अभ्यास करून राहिली पोरगी. आता लिहिणार कोण?"

रागिणीची मुलगी प्रणाली जन्मापासून अंध. यंदा दहावीला बसलेली. ती उत्तरं सांगणार आणि नववीतली एक मुलगी रायटर म्हणून लिहून काढणार, असं ठरलं होतं. रागिणी रडकुंडीला आली होती. प्रणाली मात्र नव्या वह्यांच्या गठ्ठ्यापाशी वास घेत उभी होती. या दुकानात आली की ती आधी तिथंच जायची.

राजापेठेत शिकवणीवर्गांच्या गल्लीत सुभद्राकाकूंचं हे स्टेशनरीचं दुकान पंचवीस वर्षांपासून होतं. बाकीचे दुकानदार वही देत, काकू वही दाखवत. मधलं पान उघडून त्यावर बोट फिरवत आणि शाई फुटणार नाही याची खात्री झाली तरच वही पुढे करत. कंपासपेटी विकताना कर्कटकाचं टोक तपासत. जून म्हणजे त्यांची दिवाळी. खाकी कव्हरावरच्या लेबलावर नाव काकूंनीच घालून द्यावं, असा पोरांचा हट्ट असे. अक्षर छापल्यासारखं. ते पाहून कुणी तरी एकदा विचारलं, "कोणत्या शाळेवर होता, मॅडम?" तेव्हापासून अर्धी गल्ली त्यांना मॅडमच म्हणे. काकू नुसत्या हसत. मुलगा अंकुर शेजारीच गणिताचा क्लास घेई. फळ्यावर लिहिताना तो विद्यार्थ्यांना अभिमानानं सांगे, "हे वळण माझ्या आईचं. त्या काळची बी.ए. आहे ती."

रागिणीचा आवाज ऐकून तोही दुकानात आला होता.

"माझ्या क्लासमधला बारावीचा पोरगा देतो ना," तो म्हणाला.

"नाही चालत, भाऊ. रायटर दहावीच्या खालचाच लागते. अन् नववीच्या पोरींच्या मायबापाले त्यांच्याच परीक्षेची फिकर आहे. सगळ्यांच्या घरी जाऊन आली मी."

"मग मोठं कोणी पाहा."

"शिकलेली माणसं ढीगभर आहेत. कमी शिकलेलं अन् शुद्ध लिहिणारं माणूस कुठून आणू?"

सुभद्राकाकूंनी हातातलं कात्रीचं पाकीट खाली ठेवलं.

"मी येते," त्या म्हणाल्या.

अंकुर हसला. "आई, तुझी डिग्रीच आडवी येते ना."

दुकानामागेच घर होतं. काकू आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पिवळा पडलेला कागद होता. घड्यांवर चिरलेला, मागून टेप लावून सांधलेला. तो त्यांनी मुलाच्या हाती दिला. पातूरच्या शाळेचा दाखला होता. इयत्ता नववी उत्तीर्ण. शाळा सोडण्याचं कारण, लग्न.

अंकुरनं तो दोनदा वाचला.

"तुझ्या पहिलीच्या फॉर्मवर तुझ्या बाबांनी माझ्या नावापुढं बी.ए. लिहिलं," काकू म्हणाल्या. "ते खोडाले पाहिजे होतं. पण लिहिलेलं पाहून मले लय बरं वाटलं रे."

तोवर प्रणाली चाचपत काउंटरपाशी आली होती. "काकू, तुमीच चला," ती म्हणाली. "मी हळूहळू सांगत जाईन."

परीक्षा केंद्राच्या प्रमुखांनी दाखला पाहिला, मग काकूंकडे पाहिलं आणि सही केली. बेचाळीस वर्षांनी सुभद्राकाकू शाळेच्या बाकावर बसल्या. पहिली दोन पानं अक्षर वाकडं आलं, मग रुळलं. पुढचे सगळे पेपर त्यांनी एक शब्द न गाळता लिहिले. इतिहासाच्या पेपरात प्रणालीनं एक सन चुकीचा सांगितला. काकूंना बरोबर सन ठाऊक होता. दुकानात बसल्या बसल्या पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी पुस्तकं त्यांनी वाचून काढली होती. त्यांचं पेन थांबलं.

"काहून थांबल्या, काकू?"

"काही नाही. सांग पुढं."

आणि त्यांनी तिनं सांगितलेलाच सन लिहिला.

प्रणालीला एक्याऐंशी टक्के पडले. रागिणी पेढे घेऊन आली, ते अख्ख्या गल्लीला वाटून मगच दुकानात टेकली. तोवर काकूंचं बी.ए. नसणं सगळ्यांना कळून चुकलं होतं. तरी कुणी त्यांना मॅडम म्हणायचं सोडलं नाही. अंकुर मात्र महिनाभर आईशी जेवढ्यास तेवढंच बोलत होता. एका दुपारी क्लास सुटल्यावर तो आला आणि त्यानं एक छापील कागद काउंटरवर ठेवला.

"सतरा नंबरचा फॉर्म आहे, आई. बाहेरून दहावी दे. गणित मी घेतो तुझं. आत्ता बसलीस तरी पास होशील."

काकूंनी फॉर्म हातात घेतला. वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. आपलं नाव जिथं लिहायचं त्या रकान्यावर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी तो नीट घडी करून मुलाला परत दिला.

"काहून? भीती वाटते?"

"नाही रे. अकोल्याहून फोन आला होता सकाळी. तिथं एक पोरगी आहे, प्रणालीसारखीच. तिचा पेपर येत्या मार्चमध्ये आहे," काकू म्हणाल्या. "मी दहावी पास झाली, तर मले तिच्याजवळ बसू देईन का कोणी?"