विणकर गल्लीची पसंती

सकाळी रेवतीताईंनी मातीच्या पुतळ्यावरचं ओलं फडकं बाजूला केलं. चौथऱ्यावर त्या स्वतःच उभ्या होत्या, चष्म्यासकट.

ही माती गल्लीतल्या गप्पा ऐकायची आणि ज्याच्यावर लोकांचा सगळ्यात जास्त जीव, त्याचा चेहरा आपोआप घ्यायची. चूक ताईंचीच. शिल्पकाराने कामाच्या गल्लीत कुणाकडे जेवायचं नसतं, आणि त्या तीन महिने घरोघरी भाकरी खाऊन सगळ्यांच्या लाडक्या होऊन बसल्या होत्या.

"मोडून माती पुन्हा लावते," त्या घाईघाईने म्हणाल्या.

"छे छे, सगळ्यांना पसंत आहे!" मंडळाचे अध्यक्ष धनाजीभाऊ म्हणाले. "अडचण एकच. चौकात पुतळा फक्त दिवंगताचा बसवायचा, असा नियम आहे."

गर्दी हळूहळू जवळ सरकली. कुणाच्या हातात हार होता, कुणाच्या डोळ्यांत पाणी. रोज भाकरी वाढणाऱ्या गोदाक्का हुंदका देत म्हणाल्या, "फार गुणाची होती गं बाई."

"होती?" ताई मागे सरकल्या.

धनाजीभाऊंनी मायेने त्यांचा हात धरला. हात काही सुटेना.

"ताई, आमच्यासाठी एवढं केलंत. अनावरणाचे पाहुणे पाचला येतायत, तोवर तेवढं नियमात बसून टाका."