उंदराचं कूळ

शहात्तर साली केनवडच्या दौलतरावाच्या शेतात दोन उंदीर सापडले, दिसायला अगदी सारखे. संशोधक बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गुणसूत्रं पाहिली, तर त्यातला एक दुर्मिळ, निराळ्याच कुळाचा निघाला.

"मंग आमच्या नातवाचंबी कूळ सांगा," दौलतरावाची आई हौसाबाई सुनेकडं तिरपं पाहत म्हणाली. "बापासारखा कोठूनच दिसत नाई."

रोजच्या या टोमण्यानं मेटाकुटीला आलेली अंजना ताडकन पुढं झाली. "तपासाच, बाई!"

"पाहता येईल. पण मुलाचं, बापाचं, आजोबांचं, सगळ्यांचंच रक्त लागेल."

हौसाबाईचा जीव थाऱ्यावर राहिना. ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग तिनं नातवाला पोटाशी ओढलं.

"लेकराले सुई कायले टोचता? नाक पाहा ना याचं, हुबेहूब आज्याचं!"